रस्त्याकडे पाठ

श्रीनिवास: जीपमध्ये बसवणार, फेटा बांधणार, हार घालणार. मग समोर उदबत्ती पण लावून टाका ना. तेवढं तरी कशाला बाकी ठेवायलात?

मृण्मयी: काका, असं नका ना बोलू. मानाची जागा आहे ती. सजवलेली ओपन जीप, यात्रेच्या सगळ्यात पुढे. कमिटीत एकमतानं ठरलंय.

श्रीनिवास: एकमतानं. आणि मला सांगायला तुला पाठवलं. पुण्याहून हैदराबादला येऊन तीन वर्षं झाली नाहीत त्या पोरीला. अजय अध्यक्ष आहे ना मंडळाचा? त्याला यायला काय झालं?

मृण्मयी: अजयदादा म्हणाले, तू सेक्रेटरी आहेस, शिवाय नवीन आहेस. तुझ्यावर काका ओरडणार नाहीत.

श्रीनिवास: मी ओरडतच नाही. मी नुसतं विचारायलोय. पुढच्या रविवारी कलायात्रा निघणार. ढोल, लेझीम, भारूडवाले, चित्रांच्या गाड्या, तारनाक्याच्या टिपऱ्या घेऊन नाचणाऱ्या कोलाटमवाल्या बायका, सहाशे माणसं. अंबरपेठेतून आपल्या चिक्कडपल्लीपर्यंत साडेतीन किलोमीटर. मी जीपमध्ये पुतळा होऊन बसलो, तर यात्रेच्या तोंडाशी उलटं कोण चालणार?

मृण्मयी: तेच तर सांगतेय. उलटं चालायची गरजच नाही आता. तीन व्हॉलंटियर, तिघांकडे वॉकीटॉकी. एक पुढे, एक मध्ये, एक शेवटी. मध्ये गॅप पडला की लगेच कळणार.

श्रीनिवास: गॅप पडल्यावर कळून काय उपयोग, बेटा? पडायच्या आधी कळायला पाहिजे. आणि ते चेहऱ्यांवर कळतं. म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून चालतो, चव्वेचाळीस वर्षं. एकदाच, फक्त दोन मिनिटं, तोंड फिरवलं होतं. शहाण्णव साली. काय झालं माहीत आहे ना?

मृण्मयी: हो, ते लग्नाचं ना? ऐकलंय मी.

श्रीनिवास: अर्धंच ऐकलं असशील. इथले लोक अर्धंच सांगतात, कारण उरलेल्या अर्ध्यात ते स्वतः आहेत. नल्लाकुंट्याच्या वळणावर ट्रॅफिकच्या हवालदारानं मला थांबवलं. माणूस बोलायला आला, मी त्याच्याकडे वळलो. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक वरात निघाली. बँड असा जोरदार की विचारू नकोस. आता पायाचं काय असतं, ठेका जिकडं असेल तिकडं पाय. ढोलवाले माझ्याजवळ उभे राहिले. मागच्या लेझीमवाल्या आणि दोन भजनी मंडळं, अशा साठ बायका त्या बँडच्या मागं वळल्या आणि थेट फंक्शन हॉलमध्ये गेल्या.

मृण्मयी: कुणालाच कळलं नाही?

श्रीनिवास: दारात त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडच्यांनी महाराष्ट्राचं पथक मागवलंय. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी मागवलंय. दोघांनी मिळून आग्रहानं पंगतीला बसवलं. आता साठातल्या एकीनं तरी विचारावं की नाही, आम्ही कोणाच्या लग्नात जेवायलोत म्हणून? त्यातल्याच ज्योतीताई मला नंतर काय म्हणाल्या, माहीत आहे? म्हणे, आम्हाला वाटलं मंडळानं या वर्षी इंतजाम चांगला केलाय.

मृण्मयी: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

श्रीनिवास: कसं सांगतील? मी इथं ढोल आणि एक पेटी घेऊन पोचलो. सगळे विचारतात, बायका कुठं आहेत. तासाभरानं आल्या. तोंडात विडे, हातात नारळ. त्या दिवसापासून मी मान वळवली नाही. आणि तू म्हणतेस गरज नाही.

मृण्मयी: काका, खरं सांगू? वॉकीटॉकी हे कारण नाहीये. ते मी आपलं बोलायला सोपं म्हणून म्हटलं. मागच्या वर्षी तुम्हाला चक्कर आली. त्या नव्या स्पीड-ब्रेकरवर पडलात, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. उलटं चालताना पुन्हा चक्कर आली आणि मागून बस येत असली तर? कमिटीला रिस्क नको आहे. मलाही नको आहे.

श्रीनिवास: आता नाही येत चक्कर.

मृण्मयी: एकदा येऊन गेली ना पण.

श्रीनिवास: ती तशी चक्कर नव्हती.

मृण्मयी: मग कशी होती?

श्रीनिवास: असते एकेक. तू उगी खोलात जाऊ नकोस. डोक्याचा फोटो काढला, कानाचा डॉक्टर झाला, हृदयाचा झाला. सगळ्यांनी सांगितलं, बहात्तर वर्षांच्या माणसाची तब्येत अशी पाहिजे. ते कागद ने आणि अजयच्या तोंडावर... म्हणजे हातात दे.

मृण्मयी: कागदात काहीच सापडलं नाही, त्याचीच तर जास्त भीती वाटते सगळ्यांना.

सरोज: मृण्मयी, हे धर आधी. सर्वपिंडी आहे, आपलं तांदळाच्या पिठाचं थालीपीठच, गरम आहे तोवर खा. आणि हे आवकाय, शेजारच्या भामाअम्मांनी दिलंय. जपून घे, तिखट आहे.

मृण्मयी: थँक यू, काकू. काकांना?

सरोज: त्यांना लोणचं नाही. चक्कर आल्यापासून मीठ कमी केलंय ना. वर्ष झालं.

श्रीनिवास: पाहिलंस? वर्षभर पथ्य करायलोय. अशा माणसाला तुम्ही जीपमध्ये बसवता.

सरोज: अहो, आता पुरे करा. मृण्मयी, यांना चक्कर आली नव्हती.

श्रीनिवास: सरोज, तू आत जा. तव्यावर काही असेल.

सरोज: तवा उतरवून आलेय. मला सांगू द्या. हे उलटे चालतात ते सगळे बघतात. पण पाठीमागचा रस्ता यांना कोण दाखवतं, हे कधी कुणी विचारलं नाही. तुला काय वाटतं, चव्वेचाळीस वर्षं हा माणूस खड्ड्यात कसा गेला नाही?

मृण्मयी: मला वाटलं, सवयीनं. काका सर्व्हे खात्यात होते ना. अजयदादा म्हणतात, काकांना हैदराबादचा रस्ता पाठीनं दिसतो.

सरोज: पाठीनं कुणाला दिसतं? मी दाखवते. मी पहिल्या ओळीत चालते, यांच्या बरोब्बर समोर. ज्या बाजूला खड्डा, त्या बाजूचा हात जरासा वर. पदराला हात लावला म्हणजे स्पीड-ब्रेकर. दोन्ही हात म्हणजे थांबा.

मृण्मयी: काकू, दोन वर्षं मी यात्रेत आहे. मला वाटायचं तुम्ही ठेका धरताय.

श्रीनिवास: सगळ्यांना तसंच वाटतं. तेच बरं होतं.

सरोज: पहिल्या वर्षी चाळीस माणसं होती आणि हातगाडीवर हिम्मतरावांची पेटी. हिम्मतरावांना लय सांभाळेना, म्हणून हे वळून हातानं ठेका द्यायला लागले आणि तसेच उलटे चालत राहिले. मागं भर रस्त्यात म्हैस बसलेली. मी नांदेडहून लग्न होऊन आलेली, तीन महिने झालेले. शेजारी सासूबाई. रस्त्यात सगळ्यांसमोर नवऱ्याला हाक मारायची म्हणजे घरी जाऊन दोन दिवस ऐकून घ्यायचं. मग हात वर केला. यांनी तो बघितला आणि म्हशीला वळसा घातला. तिथून सुरुवात.

श्रीनिवास: हात कसा वर केला ते सांग. बांगड्या वाजवून. गणिताची मास्तरीण होती, पण तेव्हा लाजायची.

मृण्मयी: मग मागच्या वर्षी?

सरोज: मागच्या वर्षी आमची गौरी पहिल्यांदा लेझीम खेळली. नात आहे, नऊ वर्षांची. पाठीमागून तिचा आवाज आला आणि मी मान वळवली. किती वेळ बघत होते, मला नाही सांगता येणार. पुन्हा समोर बघितलं तर हे रस्त्यावर पडलेले. पदराला हात लावायचा राहिला. एवढंच झालं. चक्कर-बिक्कर काही नाही.

मृण्मयी: आणि काका तुम्ही सगळ्यांना...

श्रीनिवास: लोक गोळा झाले, कसं पडलात म्हणाले. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. मला काय ठाऊक, त्याचा एवढा तमाशा होईल.

सरोज: मलाही तेच सांगितलं. दवाखान्यात, घरी, डॉक्टरांसमोर. डोक्याचा फोटो काढायच्या मशीनमध्ये जाऊन झोपले, पण खरं बोलले नाहीत.

श्रीनिवास: म्हणजे तुला ठाऊक होतं?

सरोज: मी तिथंच होते, अहो. मान मीच वळवली होती.

श्रीनिवास: मग वर्षभर माझं लोणचं कशाला बंद केलंस?

सरोज: तुम्ही चक्कर म्हणत होतात. चक्कर असलेल्या माणसाला लोणचं कसं देणार? मी म्हटलं, ज्या दिवशी लोणचं मागतील त्या दिवशी खरं बोलतील. मग मीही बोलेन. तुम्ही काही मागितलं नाहीत.

श्रीनिवास: मागितलं असतं तर तुझ्यावर आलं असतं ना सगळं. सगळे म्हणाले असते, बायकोनं लक्ष दिलं नाही म्हणून पडला.

सरोज: मला कळत होतं ते. कळत होतं म्हणूनच जास्त लाज वाटत होती. तुम्ही अळणी जेवायचात आणि मी समोर बसून वाढायची. वर्षभर मला गोड लागलं नाही काही.

मृण्मयी: एक मिनिट. काका, काकू, पण मग तर काही प्रश्नच उरला नाही. मी आजच ग्रुपवर टाकते, काकांना चक्कर नव्हती, काका ठणठणीत आहेत. जीप कॅन्सल. काका नेहमीसारखे पुढे, काकू समोर.

श्रीनिवास: शाबास. घे, अजून एक सर्वपिंडी घे.

सरोज: नको. मी या वर्षी समोर चालणार नाही.

श्रीनिवास: का? एकदा चुकलं तर काय झालं? मी पडलो, तू थोडीच पाडलंस. मनगट पण जुळलं बघ, पहिल्यासारखं.

सरोज: भीतीनं नाही म्हणत मी. अहो, चव्वेचाळीस वर्षांत मी आपली यात्रा बघितलेली नाही.

श्रीनिवास: असं कसं? दर वर्षी येतेस की.

सरोज: येते. मला काय दिसतं सांगा? तुमच्या पाठीमागचा रस्ता. खड्डे, शेण, मॅनहोलची झाकणं. यात्रा माझ्या पाठीमागं असते. आवाज ऐकते मी तिचा. घरी आल्यावर तुम्ही सांगता, भारूडवाल्यानं या वर्षी असं केलं, चित्रांच्या गाडीवर तसं होतं, त्या ज्योतीताई पासष्टाव्या वर्षी फुगडी खेळल्या. मी हूं हूं म्हणते. कोरोनाची दोन वर्षं तर आपण गच्चीवर चाललो, तुम्ही उलटे, मी समोर, आणि तुम्ही यात्रा नसतानाही सांगत होतात, आता लेझीमवाल्या आल्या म्हणून. मागच्या वर्षी पहिल्यांदा मान वळवली. गौरी दिसली. तिच्यामागं सगळे दिसले. रंग काय, ते उड्या मारणं काय. मला खरंच आवडलं हो. तुम्ही पडलात त्याचं वाईट वाटलंच. पण वर्षभर रात्री डोळे मिटले की तेच दिसायचं. मला ते पुरतं बघायचंय.

श्रीनिवास: सरोज, हे तू मला कधी बोलली नाहीस.

सरोज: तुम्ही इतकं रंगून सांगायचात. म्हटलं, असू दे.

श्रीनिवास: मी एवढे चेहरे वाचले तिथं. कोण दमलं, कोण रुसलं, कोणाला पाणी पाहिजे. तू पहिल्या ओळीत होतीस, आणि मी तुझे हातच बघत राहिलो.

सरोज: हात बघणंच गरजेचं होतं. नाहीतर म्हशीवर गेला असतात.

श्रीनिवास: मृण्मयी, तुझा नवरा कुठं आहे?

मृण्मयी: तेजस? खाली गाडीत बसलाय, कॉलवर. त्याला हे यात्रा वगैरे फारसं आवडत नाही.

श्रीनिवास: उत्तम. ज्याला यात्रा बघायची नाही, तोच माणूस पाहिजे. त्याला बोलव. तुझी ती वॉकीटॉकी पण घे. चल, गल्लीत चल.

मृण्मयी: काका, मी? मी उलटी चालू?

श्रीनिवास: मग काय जीप चालेल? पहिल्यांदा तुझ्या पद्धतीनं करून दाखव. तेजस तुझ्यासमोरून चालत येईल आणि यंत्रात सांगेल. त्या खांबापर्यंत.

मृण्मयी: तेजस, ऐकू येतंय? नाही रे, चेष्टा नाही. मी मागे मागे जाणार, तू रस्ता सांग. हां. काय? लेफ्ट? माझं लेफ्ट की तुझं? अरे माझं म्हणजे कुणाचं, तू म्हणतोयस की मी म्हणतेय?

श्रीनिवास: गेली.

सरोज: भामाअम्मांची कुंडी.

मृण्मयी: मला काही लागलं नाही. कुंडीला लागलंय थोडं.

सरोज: मी सांगेन त्यांना. इकडं ये. डावं-उजवं हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. त्यावरून आमचं पहिल्याच वर्षी भांडण झालं होतं. खड्डा ज्या बाजूला, हात त्या बाजूचा. विचार करायचा नाही, हात दिसेल तिकडून दूर व्हायचं.

मृण्मयी: आणि स्पीड-ब्रेकरला? तेजसला पदर कुठून आणू?

सरोज: टोपी घालू दे. टोपीला हात.

श्रीनिवास: आणि तू त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. नवीन लग्न आहे, ठीक आहे, पण घरी बघ. तो डोळ्याच्या कोपऱ्यात ठेव. तुझी नजर मागच्या लोकांवर. लोक शेजारच्याशी बोलायलेत, म्हणजे चाल बरोबर आहे. गप्प झाले, म्हणजे तू पळायलीस. पोरं पायांकडे बघायला लागली की समज, दमली. आणि कोणी काही विचारायला आलं, मग तो हवालदार असो की मंत्री, तोंड फिरवायचं नाही.

मृण्मयी: काका, पण तुम्ही? जीप?

श्रीनिवास: जीपमध्ये हिम्मतरावांना बसवा. चौऱ्यांशी वर्षांचे झाले, त्यांना फेटा लई आवडतो. सरोज, आज रात्री जेवायला काय आहे?

सरोज: वरणभात. आणि आवकाय.

(पुढच्या रविवारी सकाळी. यात्रा नल्लाकुंट्यापर्यंत आली आहे.)

मृण्मयी: काका, थांबवलंय मी दोन मिनिटं. कोलाटमच्या बायका गप्प झाल्या होत्या.

श्रीनिवास: मग पाणी फिरव. आणि तू इथं मागं का आलीस?

मृण्मयी: तुम्हाला सांगायला. तेजसच्या नजरेतून अजून एकही खड्डा सुटला नाही, काकू. मघाशी एकानं त्याला सेल्फी मागितला तर ओरडलाच त्याच्यावर. म्हणतो, ड्यूटीवर आहे.

सरोज: गुणी आहे ग. जा तू, ढोलवाले बघायलेत तुझ्याकडे.

मृण्मयी: तुम्ही बऱ्या आहात ना इथे, मध्ये?

सरोज: बरी आहे म्हणजे काय. जा.

श्रीनिवास: निघाली यात्रा. चल, हळूहळू. मला पुढं तोंड करून चालायला जरा अवघडच जायलंय.

सरोज: अहो, ह्या चित्रांच्या गाडीला मागच्या बाजूनं पण चित्र आहे.

श्रीनिवास: असेल. मी कधी मागून बघितलीच नाही. काय आहे?

सरोज: चारमिनारसमोर एक बाई नऊवारी नेसून इराणी चहा पितेय. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं हे.

श्रीनिवास: मला फक्त पुढची बाजू ठाऊक. बाकीचं आता तूच सांग मला.

सरोज: हिम्मतराव बघा. जीपमध्ये उभे राहून हात करायलेत. मागून कुणीतरी त्यांचं धोतर धरून ठेवलंय. आणि ती बघा गौरी, आपल्या मागं लेझीमच्या दुसऱ्या ओळीत. जीभ चावून खेळते. अगदी तुमच्यासारखी.

श्रीनिवास: मी जीभ चावतो?

सरोज: चव्वेचाळीस वर्षं. सगळ्या खड्ड्यांबरोबर तेवढं एक दिसायचं मला. अगं बाई, ज्योतीताई बघा. फुगडी घालायल्यात, भर रस्त्यात.

श्रीनिवास: बघ, बघ. अगं, पण खाली काय बघायलीस मधेमधे?

सरोज: सवय हो. दर दहा पावलांवर डोळे आपोआप रस्त्याकडे जातात.

श्रीनिवास: जाऊ देऊ नकोस. माझा दंड धर. तू यात्रा बघ, रस्त्याकडे मी बघतो.